चेहरा फोटोचा, बाकी हाताचं

घरातलं माणूस गेलं की दोन-तीन दिवसांत फोटोची शोधाशोध सुरू होते. तेराव्याला पाटावर ठेवायला, पेपरात द्यायला, पुढे भिंतीवर लावायला एक बरा फोटो हवा असतो आणि नेमका तोच सापडत नाही. पुरुषांचे निदान नोकरीपायी काढलेले पासपोर्ट फोटो असतात. मागच्या पिढीतल्या बायकांचे तेवढेही नसतात. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत अर्धा चेहरा, बारशाच्या फोटोत पाळण्यामागे उभी राहिलेली आकृती, नाहीतर मतदार ओळखपत्रावरचा तो फोटो, ज्यात भलाभला माणूस फरारी दिसतो. स्टुडिओवाला त्यातूनच चेहरा कापून काढतो, मागे निळं आभाळ घालतो, सुरकुत्या पुसतो आणि दुसऱ्या दिवशी फ्रेम हातात ठेवतो. घाईच तशी असते, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण वर्षश्राद्ध होऊन गेलं तरी त्या फ्रेमकडे पाहताना घरच्यांना खटकत राहतं. चेहरा आजीचाच आहे, पण आजी काही त्यात नाही.

हे प्रकरण त्या घाईनंतर सवडीने करायच्या कामाचं आहे. जुना फोटो पायाला धरायचा आणि त्याच्याभोवती रंग, कापड, हस्ताक्षर, दोरा असं काय काय जुळवत एक स्मृतिचित्र उभं करायचं. चित्रकार याला मिश्र माध्यम म्हणतात. नाव नवं असलं तरी काम चांगलं दीडशे वर्षांचं आहे.

त्याआधी आपल्याकडे गेलेल्या माणसाची आठवण चेहऱ्याविनाच जपली जाई. गावोगावच्या वीरगळांवर लढून पडलेला वीर कोरलेला असतो, पण तो कोणताही वीर असू शकतो. देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या टाकावर ठोकून उठवलेली आकृती असते. ती आजोबांची आहे हे घरच्यांना ठाऊक असतं, टाकावरून कळत नाही. नाक, डोळे, ओठांची ठेवण, म्हणजे आपण ज्याला हुबेहूब म्हणतो ते सगळं, सामान्य घरात आलं ते कॅमेऱ्याबरोबर. फोटोग्राफीची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ मध्ये झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक.

आणि गंमत अशी की फोटो हातात आल्याबरोबर लोकांनी त्याच्यावर कात्री आणि कुंचला चालवायला सुरुवात केली. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यातली माणसं स्टुडिओत उभी करून टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागचे देखावे वेगळे काढून जोडलेले आहेत. इंदूर, उदयपूरकडचे चित्रकार तर फोटोवर थेट अपारदर्शक जलरंग चढवत. अंगरखा, मोत्यांच्या माळा, गालिचा, खुर्ची, सगळं रंगाने इतकं दाट भरलेलं की खाली फोटो आहे हे कळूही नये. चेहऱ्यावर मात्र रंगाचा अगदी पातळ हात फिरवलेला असे.

याचा सगळ्यात देखणा नमुना पाहायचा तर नाथद्वाऱ्याकडे जावं लागतं. श्रीनाथजींच्या या गावात चित्रकारांची घराणीच्या घराणी आहेत आणि वैष्णव भक्तांसाठी, ज्यांत मुंबईचे गुजराती व्यापारीही आले, ती ‘मनोरथ’ चित्रं करून देत. मध्ये श्रीनाथजी, दोन्ही बाजूंना हात जोडून उभं असलेलं यजमानाचं कुटुंब. मूर्ती, तिच्यामागचा पडदा म्हणजे पिछवाई, नैवेद्याची ताटं, कुटुंबाचे कपडे, दागिने, जोडलेले हात, सारं कुंचल्याने काढलेलं. चेहरे तेवढे फोटोतून कापून चिकटवलेले, आणि कडेने असे रंगवून घेतलेले की सांधा शोधावा लागतो. घासीराम हरदेव शर्मांसारखे तिथले नामवंत चित्रकार स्वतः फोटोही काढत.

आता जरा विचार करा. या मंडळींना चेहरे रंगवता येत नव्हते का? पिढ्यान्‌पिढ्या तेच तर करत आले होते. तरी चेहरा त्यांनी कॅमेऱ्यावर सोपवला. यजमानाला काय हवं आहे ते त्यांनी ओळखलं होतं. दागिना थोडा वाढीव चालतो, गालिचा मनाचा चालतो, पण चेहऱ्यात केसाएवढा फरक पडला तर माणूस परका होतो. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला मेक्सिको सिटीतल्या कारागिरांनीही हेच ओळखलं. तिथे विसाव्या शतकात ‘फोटोएस्कुल्तुरा’ नावाचा प्रकार चालायचा. गिऱ्हाइकाने छोटा फोटो द्यायचा, कारागीर चेहरा मोठा करून कोरलेल्या लाकडावर चिकटवायचा आणि खांदे, कोट, केस लाकडात घडवून रंगवायचा. ब्राझीलच्या ईशान्य भागात फिरते विक्रेते दारोदार जाऊन ओळखपत्रांवरचे फोटो गोळा करत आणि काही दिवसांनी रंगवलेली तसबीर घेऊन परत येत. ज्याने आयुष्यात कधी सूट घातला नाही त्याच्या अंगावर सूट, जिला कधी सोनं जुळलं नाही तिच्या गळ्यात हार. मिटलेल्या डोळ्यांच्या मृताचे डोळेही उघडून दिले जात.

या तिघांनाही एकमेकांची खबर नव्हती. तरी, ते उघडलेले डोळे सोडले तर, नियम तिघांचा एकच, आणि मला तो आजही सोडावासा वाटत नाही. चेहरा फोटोचा राहू द्या, बाकी सगळं हाताने करा. पुढचं जे काही सांगणार आहे ते या एका नियमाभोवतीच फिरतं.

तर आधी फोटो. एक नेहमीचं उदाहरण घेऊ. १९६०-७० च्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत ‘आग्फा क्लिक थ्री’ हा डबा कॅमेरा असायचा. तो बडोद्यात बनत असे. १२० नंबरच्या रोलवर बारा फोटो निघायचे, प्रत्येक सहा बाय सहा सेंटीमीटरचा. अनेकदा तेवढ्याच आकाराची, पांढऱ्या काठाची प्रत काढून घेतली जायची, कारण मोठी करायची तर जास्त पैसे. अशा एका फोटोत आजी मागच्या दारी तुळशीजवळ उभी आहे. पूर्ण उभी असल्यामुळे तिचा चेहरा चिंचोक्यापेक्षा लहान, सुमारे आठ मिलिमीटरचा.

इथे थोडं गणित करावं लागतं आणि ते टाळलं की पुढे सगळं फसतं. स्कॅनर १२०० डीपीआयवर ठेवला तर एका इंचात १२०० ठिपके मिळतात. आठ मिलिमीटर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, तेव्हा चेहऱ्याच्या वाट्याला येतात पावणेचारशेच्या आसपास ठिपके. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात असं धरलं, तर हा चेहरा सव्वा इंचाचा, म्हणजे तीन सेंटीमीटरच्या जरा वर, स्वच्छ छापता येईल. दाणेदारपणा चालवून घेतला तर सहा. त्यापुढे ताणला की डोळ्यांच्या जागी करडे डाग उरतात. स्कॅनरचा आकडा २४०० केला म्हणून फारसं काही साधत नाही, कारण जे कागदावरच नाही ते यंत्र कुठून आणणार? निगेटिव्ह सापडली तर गोष्ट वेगळी. तिच्यात प्रतीपेक्षा पुष्कळ जास्त तपशील असतो. म्हणून अल्बमच्या मागच्या खिशात, जुन्या पाकिटांत, ट्रंकेत आधी निगेटिव्ह शोधावी.

हल्ली मोबाइलवर एक बटण दाबलं की अंधुक चेहरा लख्ख करून देणारी अॅप आली आहेत. स्मृतिचित्रासाठी ती वापरू नयेत असंच मी म्हणेन. ती अॅप आजीच्या डोळ्यांतला हरवलेला तपशील शोधत नाहीत. इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेले डोळे ती तिथे बसवतात. पापण्या रेखीव होतात, दात एकसारखे होतात, आणि मुलगी फोटोकडे बघून म्हणते, छान आहे, पण आईसारखं नाही वाटत. तिचं बरोबर असतं. ती आई नसतेच. चेहरा लहान आणि धूसर असेल तर लहान आणि धूसरच ठेवावा आणि त्याच्याभोवतीचं काम मोठं करावं. मनोरथ चित्रांतले चेहरेही इवलेसेच असतात.

स्कॅन करताना फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करायचा. जुन्या फोटोवर पिवळे-तपकिरी डाग असतात, आणि रंगीत स्कॅन लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन थरांत वेगळा करून पाहता येतो. पिवळा डाग निळ्या थरात काळाकुट्ट दिसतो, लाल थरात जवळजवळ नाहीसा होतो. निव्वळ लाल थर घेतला की तासन्‌तास पुसत बसण्याचं निम्मं काम वाचतं.

फोटोची अवस्था मात्र स्कॅनरच्या आधी पाहायची. अंधाऱ्या भागांवर निळसर चांदीसारखी झाक दिसत असेल तर कागदातली चांदी वर आली आहे. ती पुसायला जाऊ नये. आठव्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडतात, कारण त्यांतला निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी उडतो. ते स्कॅननंतर बऱ्यापैकी सावरता येतात. खरी पंचाईत होते काचेला चिकटलेल्या फोटोची. कोकणात, मुंबईत पावसाळ्याच्या दमटाने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला घट्ट बसतो. सुरीने उचलायला गेलं की चेहराच काचेवर राहतो. असा फोटो काचेसकट स्कॅन करावा, नाहीतर खिडकीजवळ तिरक्या उजेडात ठेवून, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरून त्याचा फोटो काढावा, म्हणजे काचेत काढणाऱ्याची छबी उमटत नाही. मूळ फोटो त्यानंतर तसाच कागदात गुंडाळून ठेवायचा. कापायची, रंगवायची ती नेहमी प्रत.

आता रंग. कृष्णधवल फोटोतून साडीचा रंग ओळखता येतो असा एक गैरसमज आहे. जुन्या काळच्या काचेच्या निगेटिव्हना लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे लाल लुगडं काळं उमटायचं, कुंकू काळा ठिपका व्हायचं, आकाश पांढरंफटक आणि गव्हाळ माणूस सावळा दिसायचा. पणजोबांच्या फोटोवरून घराण्याचा वर्ण ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पुढे सगळे रंग टिपणारी फिल्म रुळली. आपल्याकडे उटीच्या सरकारी कारखान्यातली ‘इंदू’ फिल्म पुष्कळ चालली. तीत लाल आणि हिरवा रंग एकाच करड्या छटेत उतरू शकतात. म्हणून रंग फोटोला विचारू नयेत, माणसांना विचारावेत. थोरली आत्या म्हणेल हिरवं, धाकटी म्हणेल छे, जांभळं होतं, आणि त्या वादातून साडीबद्दल अशा गोष्टी बाहेर येतील की रंगापेक्षा त्याच मोलाच्या ठराव्यात.

कुंकवाचा प्रश्न त्याहून नाजूक. आजोबा आधी गेले, आजी नंतर. फोटो मात्र आजोबा असतानाचा. कुंकू रंगवायचं की नाही यावरून घरात धुसफुस होऊ शकते. माझं मत सरळ आहे. फोटो ज्या दिवशी निघाला त्या दिवशी ते कपाळावर होतं, तर चित्रातही असावं. नंतरच्या फोटोत ते नसेल, तर आपण दया दाखवून लावू नये. ज्या बाईने ते नसताना पंचवीस वर्षं काढली, तिची ती वर्षं पुसायचा अधिकार आपल्याला नाही.

चेहऱ्याची छपाई पातळ, दीर्घ तंतूंच्या हातकागदावर करावी. नेपाळी कागद चालतो. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून आहे, तिथला कागद पाठीमागच्या थराला उत्तम. इंकजेट प्रिंटरची शाई दोन प्रकारची असते. एक पाण्यात विरघळणारी, दुसरी बारीक रंगकणांची. रंगकणांची शाई असेल तरच वर पाण्याचा हात फिरवता येतो. दुसरी असेल तर ओल्या कुंचल्याच्या पहिल्या स्पर्शाला आजीच्या गालावरून जांभळा ओघळ येतो. दुकानदाराला विचारून भागत नाही, कोपऱ्याचा तुकडा भिजवूनच पाहावं.

लेझर प्रिंट कापडावर उतरवायचीही एक युक्ती आहे. कापडावर अॅक्रिलिक जेल मिडियमचा सलग हात द्यायचा, प्रिंट पालथी चिकटवायची, रात्रभर वाळू द्यायची आणि मग कागद ओला करून बोटाच्या पेराने हलके हलके चोळायचा. लगदा निघून जातो, काळी पूड मिडियममध्ये अडकून राहते. पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही, पंख्याखाली दोन दिवस लागतात. या पद्धतीत प्रतिमा उलटी होते हे विसरून चालत नाही. छापण्याआधीच ती आरशातल्यासारखी फिरवून घ्यावी लागते, नाहीतर पदर उजव्या खांद्यावर येतो, आजोबांच्या कोटाची बटणं बायकी बाजूला लागतात, आणि पत्र उतरवलं असेल तर ते कुणालाच वाचता येत नाही. शिवाय चोळताना कुठे ना कुठे टिकली निघतेच, आणि ती नेमकी डोळ्यावर निघते. तेव्हा ही पद्धत पत्र, हिशेबाची वही, रेल्वेचं तिकीट, घराचं कौलारू छप्पर यांच्यासाठी ठेवावी. चेहऱ्यावर तिचा प्रयोग नको.

चेहऱ्यावर हाताने काय करायचं? जवळजवळ काहीच नाही. कॉफीच्या पाण्यासारखा अगदी फिका उबदार रंग एकदा सर्वांगावर. ओठांवर रंगीत पेन्सिलीचा किंचित स्पर्श. कुंकू, असेल तर, सगळ्यात शेवटी आणि एकाच ठिपक्यात. डोळ्यांना हात लावायचा नाही. बुबुळात जो टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका असतो, तो त्या दिवशीच्या उजेडाचा असतो. तो रंगाखाली गेला की नजर विझते आणि मग पांढऱ्या रंगाने कितीही टिंब दिलं तरी परत येत नाही.

चेहऱ्याची कड सोडली की मात्र हात मोकळा. आजीच्या लुगड्याचा तुकडा मिळाला तर त्याच्याइतकी बोलकी वस्तू नाही. आधी तो साध्या पाण्यात भिजवून त्यातली खळ काढावी. ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग सुटतो का पाहावं. सुटत असेल तर ते कापड कागदाच्या शेजारी ओलं कधीही आणायचं नाही. कागदावर कापड चिकटवण्यापेक्षा शिवलेलं बरं, आणि त्याला गोधडीचा धावदोरा पुरे. कागदाला सुईने आधी भोकं पाडून घ्यावीत, एकमेकांपासून चार-पाच मिलिमीटरवर. त्याहून जवळ पाडली तर कागद पोस्टाच्या तिकिटासारखा त्या रेषेवर फाटतो. टाके मोजूनमापून नकोत. ज्या घरात आजीनेच शिवलेली गोधडी आहे तिथे ती समोर पसरावी आणि तिचे टाके जसे तिरके, लहानमोठे आहेत तसेच उतरवावेत.

काठाला जर असेल आणि ती खरी चांदीची असेल तर ती काळवंडलेली असते. चिंचेने घासून चमकवायचा मोह आवरावा. काळी जर चित्रात शोभते आणि चमकवलेली वर्षभरात पुन्हा काळी होते.

चिकटवायचंच असेल तिथे गव्हाची किंवा तांदळाची साधी खळ घ्यावी. जुने बुकबाइंडर खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. वहीला ते ठीक असेल, फोटोच्या कागदाला मोरचूद नडतो. बाटलीतला सरस, रबराचं सोल्युशन, सेलोटेप या तिन्ही गोष्टी काही वर्षांनी तपकिरी डाग देऊन जातात. मूळ पत्रही चित्रात घालू नये. पोस्टकार्डावरची निळी शाई उजेडाने उडते आणि पाण्याने पसरते. त्याची प्रत घालावी, मूळ घरात राहू द्यावं. इंग्लंडात व्हिक्टोरियाच्या काळात गेलेल्या माणसाच्या केसांची वेणी लॉकेटात किंवा तसबिरीत घालत. आपल्याकडे तशी रीत नाही आणि कुणी हौसेने करायला गेलं तर घरातल्या ज्येष्ठांना ते रुचणार नाही. कपड्याबद्दलसुद्धा आधी विचारलेलं बरं. काही घरांत गेलेल्याचं वस्त्र ठेवत नाहीत.

रचनेबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती पुस्तकात कुठे लिहिलेली नसते. या चित्राला हार घातला जाणार आहे. हार चित्राच्या दोन्ही कडा झाकतो आणि खालचा मधला भाग झाकतो. नेमकी तिथेच आपण मोठ्या कौतुकाने शिवलेली काठाची पट्टी असते. म्हणून जे दिसायला हवं ते मध्याच्या वर घ्यावं आणि कडेला असं काही ठेवावं जे वर्षातून चार दिवस झाकलं गेलं तरी बिघडत नाही.

फ्रेमवाल्याकडे हट्टाने दोन गोष्टी मागाव्यात. चित्र आणि काच यांच्यात माउंट घालून किंवा कडेला पट्टी बसवून निदान तीन-चार मिलिमीटर अंतर, कारण कापड आणि कागद काचेला टेकले की पहिल्याच पावसाळ्यात चिकटतात. आणि पाठीमागे प्लायवूड थेट चित्राला न लावता मध्ये आम्लरहित कागदाचा जाड थर. फ्रेम टांगताना खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीआडून हवा खेळते. पावसाची झड ज्या भिंतीवर बाहेरून येते ती भिंत टाळावी, मग दिशेचं शास्त्र काहीही म्हणो. ओला हार काचेवरून निथळतो आणि पाणी खालच्या खाचेतून आत शिरतं. बोटाने लावलेलं गंध-कुंकू पुसताना लोक काचेवर पाणी ओततात, तेही तिथेच जातं. खालची कड आतून कागदी पट्टीने बंद करून घेतली तर हे पुष्कळसं टळतं.

राहिली चित्राची पाठ. तिथे मऊ पेन्सिलीने नाव, जन्म आणि मृत्यूची सालं, मूळ फोटो कुठे आणि साधारण कधी काढला, कुणी काढला हे लिहावं. त्याखाली काय काय हाताने घातलं आहे तेही: साडीचा रंग आत्याच्या सांगण्यावरून, तुळशीवृंदावन आताच्या घरचं, पत्र १९७१ चं, काठ दुसऱ्या लुगड्याचा. दोन पिढ्यांनी कुणी फ्रेम उघडली तर त्याला फोटो कुठे संपतो आणि आपली कल्पना कुठे सुरू होते ते वेगळं करता आलं पाहिजे. मूळ फोटो आणि निगेटिव्ह साध्या कागदी पाकिटात घालून कपाटाच्या मधल्या खणात ठेवावेत. फ्रेमच्या पाठीमागे खोचायचे नाहीत, वाळवी आधी तिथेच येते.